काकवी आणि तेल

दिवाळी झाली की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. बायको संध्याकाळी खिडक्या उघडते आणि मी पाठोपाठ जाऊन त्या लावून घेतो. नदीच्या बाजूला कुठंतरी गुऱ्हाळ सुरू झालेलं असतं आणि उकळत्या रसाचा तो गोड, जरासा करपल्यासारखा वास गल्लीत शिरतो. "अहो, कोल्हापुरात राहून काकवीच्या वासाला नाक मुरडणारे तुम्हीच एक," ती म्हणते. तिचं बरोबर आहे. पाहुणे प्रेमानं काकवीची बाटली आणतात, ती मी फडताळात मागं सरकवून ठेवतो आणि कधीतरी ती शेजाऱ्यांकडे जाते. पुण्यात होतो तोवर हा प्रश्न नव्हता. बारा-तेरा वर्षं तिथं काढून गेल्या साली परत आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात कळलं की माझा राग अजून शाबूत आहे.

राग म्हणजे रागच. त्याला दुसरं गोंडस नाव द्यायचा माझा विचार नाही. वय वाढलं की जुन्या गोष्टी पुसट होतात असं लोक सांगतात. माझ्या बाबतीत नावं पुसट झाली, तारखा पुसट झाल्या, पण मालकांच्या केबिनमधली ती दहा मिनिटं जशीच्या तशी आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गाईचं चित्र होतं, तेसुद्धा आठवतं.

चौदा वर्षं झाली. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड ओतायच्या एका लहानशा फौंड्रीचा फोरमन. सकाळी सायकलवरून पंचगंगेचा पूल ओलांडायचो तेव्हा धुकं इतकं असायचं की समोरून येणारी उसाची गाडी आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. बैलांच्या नाकातून वाफा निघत असायच्या. दोन्ही काठांवर गुऱ्हाळं लागलेली, त्यामुळं गोड वासातून पॅडल मारत जायचं आणि वसाहतीच्या फाटकाशी आलं की तोच वास कोळशाच्या धुरात मिसळायचा. आमचाही हंगाम तोच. नदीचं पाणी उसाला चढवायचं तर ऑइल इंजिन हवं. दिवाळीनंतर शेतकरी इंजिनं घ्यायला लागायचे आणि त्या इंजिनांच्या बॉड्या आम्ही ओतायचो.

त्या हंगामावर माझं सगळं अवलंबून होतं. तो नीट पार पडला की होळीच्या सुमाराला मला कायम करायचं मालकांनी कबूल केलं होतं. बायकोला सहावा महिना होता. राजारामपुरीतली भाड्याची खोली बदलून थोडी मोठी जागा घ्यायची, हे आम्ही रोज जेवताना ठरवायचो. त्यातच पुण्याहून एका वर्गमित्राचं पत्र आलं, त्याच्या कारखान्यात जागा होती. मी ते पत्र खिशात घालून कारखान्यात नेलं आणि सगळ्यांना दाखवलं. खरं सांगायचं तर मिरवलंच.

"जाऊ नगासा साहेब," शामराव म्हणाला. शामराव आमचा भट्टीवाला, पंचेचाळिशीचा, भुवया कायम जळालेल्या. "तुमी गेला तर ह्ये म्हातारं आन् ही पोरं एकमेकाच्या उरावर बसतील. हंगाम तरी काढा की आमच्यासंगं."

मी पुण्याला नकार कळवला. मला कुणीतरी थांब म्हणतंय, याचंच तेव्हा मोठं अप्रूप वाटलं.

म्हातारं म्हणजे रसूल मिस्त्री. साठीला टेकलेले, पांढरी टोपी, हाताच्या रेषांत काळी वाळू कायमची बसलेली. ते कोर बनवायचे. इंजिनाच्या आत जिथं पोकळी हवी असते तिथं आधी वाळूचा एक गाभा बसवतात, त्याच्या भोवतीनं वितळलेलं लोखंड ओततात आणि लोखंड गार झालं की वाळू ठोकून बाहेर काढतात. तो गाभा म्हणजे कोर. त्यातली वाळू धरून राहावी म्हणून काहीतरी चिकट लागतं आणि मिस्त्रींच्या मते जगात त्यासाठी एकच वस्तू निर्माण झालेली होती, ती म्हणजे काकवी. गुऱ्हाळावर जाऊन, बाजारात न जाणारी, जरा बिघडलेली काकवी ते स्वतः पसंत करायचे. डब्यात बोट बुडवायचं, जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे. "ही आंबली हाय, न्हाई चालायची," किंवा "ही धरंल बघ." तेवढीच त्यांची प्रयोगशाळा. मी तीन वर्षांत त्यांचा एकही कोर फुटलेला पाहिला नव्हता.

पोरं म्हणजे आयटीआय शिकून आलेले चौघं, आणि त्यांचा पुढारी प्रकाश. बावीस वर्षांचा, जयसिंगपूरजवळच्या एका गावाचा, त्याच्या घराण्यातला पहिला पगारदार. बौद्धवाड्यातलं पोरगं भट्टीवर कशाला म्हणून जे दोनचार जण कुजबुजले होते, त्यांना गप्प करून मी त्याला घेतलं होतं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. पोरगं हुशार होतं आणि मला हुशार पोरं आवडायची. त्याला काकवी म्हणजे मागासलेपणा वाटायचा. त्याच्या पुस्तकात जवसाच्या तेलाचा कोर होता, मापानं घातलेला, भट्टीत घड्याळ लावून भाजलेला.

दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत. एके दिवशी प्रकाशनं वहीतलं कोष्टक मिस्त्रींच्या समोर धरलं. मिस्त्रींनी ते बघितल्यासारखं केलं आणि त्याच कागदानं हात पुसले.

"ओ मिस्त्री, बोट चाखून कोर करायला ह्ये काय हलवायाचं दुकान हाय व्हय?" प्रकाश भडकला.

"आन् तू काय घड्याळ बघून लोखंडाला सांगणार, थांब बाबा, अजून दोन मिंटं हायत?"

सगळा कारखाना हसला आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. चहासुद्धा वेगळा झाला. मिस्त्री दहाला आपल्या किटलीतला प्यायचे, पोरं साडेदहाला कॅन्टीनमध्ये रेडिओपाशी बसायची आणि शामराव दोन्हीकडे पिऊन यायचा.

यावर मी जो तोडगा काढला त्याचा मला तेव्हा विलक्षण अभिमान होता. मिस्त्रींना सकाळची पाळी दिली आणि पोरांना दुपारची. त्यांनी समोरासमोर येऊच नये. मिस्त्री आपले काकवीचे कोर करतील, पोरं तेलाचे, दोन्ही वापरू. निरोप राहून जाऊ नयेत म्हणून कोरच्या खोलीत एक काळा फळा टांगला. वाळूत काय घातलं ते ज्यानं त्यानं पाळी संपताना फळ्यावर लिहायचं. मिस्त्रींना समजावलं तर त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "बेस केलंस पोरा." चारचौघांत ते मला साहेब म्हणायचे आणि एकटं असलं की पोरा. त्या एका ‘पोरा’ शब्दावर मी खूश होऊन घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, माणसं सांभाळायला काही लागत नाही, थोडी अक्कल लागते.

दीड महिना छान गेला. त्या दिवसांची गोडी मी नाकारू शकत नाही. सकाळी मिस्त्रींच्या भट्टीतून गूळ करपल्याचा वास, दुपारी पोरांच्या भट्टीतून तेलाचा उग्र वास, आणि ओतायच्या दिवशी शामराव भट्टीचं तोंड फोडायचा तेव्हा छपराखाली पिवळाधमक उजेड पडायचा. सगळे नुसते धावत. मिस्त्री त्या दिवशी मुद्दाम दुपारपर्यंत थांबायचे, एका टोकाला उभे राहून आपल्या कोरवर लोखंड कसं बसतंय ते बघायचे. दुसऱ्या टोकाला प्रकाश उभा असायचा. मध्ये मी. मला तेव्हा वाटायचं, ही माझी माणसं आहेत.

संक्रांतीच्या पुढं-मागं चाळीस बॉड्या परत आल्या. इंजिनवाल्यांनी लेथवर चढवल्या आणि पहिल्याच कापात आतून भोकं दिसली, एकूण एक बॉडीत. ट्रकमधून त्या अंगणात उतरवल्या तेव्हा नुसता खणखणाट झाला. मी एक बॉडी फोडली. आत कोपऱ्यात अडकून राहिलेला वाळूचा तुकडा दगडासारखा घट्ट होता. नाकाशी धरला तर करपलेल्या गुळाचा वास आला, आणि त्याच्याखाली जवसाच्या तेलाचा.

मी दोघांनाही बोलावलं. शामराव आपणहून आला.

"सकाळीच काकवी घातलेली मी," मिस्त्री म्हणाले. "कडंनं वलं पोतं गुंडाळलेलं. ढिगावर तीन बोटं उमटवून गेलतो की."

"तीन बोटं?"

"व्हय. तीन बोटं म्हंजे वाळू तयार हाय, हात लावू नका. माझ्या वस्तादापास्नं असंच हाय. भट्टीवरल्या समद्यास्नी म्हाईत असतंय."

शामरावनं मान हलवली. त्याला माहीत होतं. मला नव्हतं, आणि प्रकाशला तर नव्हतंच.

"मी खड्डे बघितले सर," प्रकाश म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "मला वाटलं मांजर बसून गेलं. फळा बघितला, तर कोरा. काकवीचा वास तर समद्या खोलीलाच असतोय, म्हटलं साधी वाळू हाय. तेल घातलं."

काकवीवर तेल. कोर दिसायला सुरेख झाले, पण त्यांच्यातून वायू बाहेर पडायला वाट राहिली नाही आणि लोखंड आतल्या आत उकळलं.

"मिस्त्री, फळ्यावर का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

मिस्त्री टोपी काढून तिच्यावरची वाळू झटकायला लागले. शामराव हळूच म्हणाला, "साहेब, त्यास्नी लिवाय येत न्हाई." तीन वर्षं मी त्या माणसाबरोबर काम करत होतो. पगारपत्रकावर ते सही करायचे, ती सही नसून पाठ केलेलं एक चित्र होतं, हे मला त्या दिवशी कळलं. दीड महिना काही बिघडलं नव्हतं, कारण त्या काळात दोघांची वाळू कधी एकाच ठिकाणी उरली नव्हती. नुसतं नशीब होतं आणि मी ते माझं कौशल्य समजत होतो.

मालकांनी निरोप धाडला होता की उद्या दहाला सगळे केबिनमध्ये, आणि ज्याची चूक त्यानं डबा घेऊनच यायचं, म्हणजे परत खाली जायचं कारण नाही. मी तिघांना म्हटलं, "उद्या जे झालं ते सांगू. मिस्त्रींनी लिहिलं नाही, प्रकाशनं विचारलं नाही, शामरावला बोटांचं माहीत असून तो बोलला नाही आणि पाळ्या मी वेगळ्या केल्या. चूक चौघांची. चौघांना काढून मालक हंगाम कसा काढतील? चौघं मिळून सांगू." तिघांनीही व्हय म्हटलं. मिस्त्रींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या रात्री मला झोपही चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये मालकांनी आधी मिस्त्रींना विचारलं. ते कॅलेंडरवरच्या गाईकडे बघत म्हणाले, "साहेबांनी सांगितलं दोन्ही घाला, कोर घट हुतील."

मला वाटलं माझं ऐकण्यात काही चुकलं. मालकांनी शामरावला विचारलं. "व्हय, साहेब म्हणालेते दोन्ही घाला. मी हुतो तितं."

मग प्रकाश. मी त्याच्याकडे बघत होतो, म्हटलं हा तरी. त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं. "सरांनी सांगितलं दोन्ही घाला."

"मी असं काहीही सांगितलेलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

मालक माणूस वाईट नव्हते. ते खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "इनामदार, हा म्हातारा आणि हे पोरगं, ह्यांचं चहाच्या वेळेवर एकमत होत नाही. ते आज एका तोंडानं बोलतायत. मग मी कुणाचं खरं धरू?"

सबंध हंगाम मी त्यांचं एकमत व्हावं म्हणून झटत होतो आणि ते पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या मानेवर. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं. अर्थ तिथं कळला.

मी टेबलाचा खण रिकामा केला आणि बाहेर पडलो. कोरच्या खोलीवरून जाताना मिस्त्री भट्टीकडे तोंड करून उभे होते. मी थांबलो, ते वळले नाहीत. दुपारच्या पाळीची पोरं अजून आली नव्हती, पण प्रकाश त्या दिवसापासून सकाळीच मिस्त्रींच्या हाताखाली येणार होता, असं मला फाटकावर वॉचमननं सांगितलं. त्या वॉचमनच्याच हातात शामरावनं माझा जेवणाचा डबा देऊन ठेवला होता, मी विसरलेला. सायकलला डबा अडकवताना मला रडू आलं. भर दिवसा, रस्त्यावर, उसाच्या गाड्या जात असताना मी रडलो आणि एका गाडीवानानं विचारलं, "काय पावणं, कोण गेलं काय?"

मित्राच्या कारखान्यातली जागा अजून रिकामी होती. आम्ही पुण्याला गेलो, मुलगी तिथंच झाली. पुढं माझं बरं चाललं. माझ्या हाताखाली पुन्हा म्हातारे आले, पोरं आली आणि मी त्यांना कधीही घरी बोलावलं नाही, त्यांच्या लग्नाला गेलो नाही, कुणाच्या पाठीवर हात ठेवला नाही. सगळं काम कागदावर चालायचं. लोक मला कडक म्हणायचे. मध्ये कधीतरी कळलं की रसूल मिस्त्री गेले. कोल्हापूरची गाडी दारावरून जात होती, मी गेलो नाही. बायको एवढंच म्हणाली, "जायला हवं होतं." मी तिलाही नेहमीचं वाक्य ऐकवलं. ते मी चौदा वर्षं सगळ्यांना ऐकवत आलोय: त्यांनी मला आधी नुसतं विचारलं असतं, साहेब, आमच्यासाठी तुम्ही अंगावर घ्या, तर मी घेतलं असतं. विचारलं नाही, त्याचं दुःख आहे. हे वाक्य बोलताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं.

गेल्या आठवड्यात एका साखरपुड्यासाठी जयसिंगपूरला गेलो होतो. परतताना दुपारी एसटी स्टँडवर उभा होतो तर मागून हाक आली, "सर." मला सर म्हणणारं कोल्हापूर भागात आता कुणी नाही. वळून बघितलं तर प्रकाश. कानाशी केस पिकलेले, पोट सुटलेलं, खिशाला दोन पेनं. मी निघून जायला हवं होतं. त्यानं माझी पिशवीच हातात घेतली आणि चहाच्या टपरीकडे चालायला लागला, मग मला पिशवीच्या मागं जावं लागलं.

तो आता त्याच फौंड्रीचा फोरमन आहे. "माझ्यापरीस मोठी पाच माणसं हायत हाताखाली, आन् पोरं आठ," तो म्हणाला. "पोरं मला म्हातारं म्हणत्यात आन् म्हातारी मला पोरगं." तो हसला. मी हसलो नाही.

"कुणाचं डोकं होतं ते?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मी मिस्त्रींना आणि शामरावला आळीपाळीनं दोषी धरलं होतं.

"माझं," तो म्हणाला. "आदल्या सांजंला मिस्त्रींच्या घरी बसलो हुतो. पयल्यांदाच गेलो त्यांच्या घरात. भाभींनी जेवाय घातलं. त्यास्नी त्या वयात दुसरं कोण ठेवून घेणार हुतं? शामरावची चार पोरं. मी घरी जाऊन काय सांगणार हुतो? तुमच्याकडं डिगरी हुती सर. आन् त्ये पुण्याचं पत्र तुमीच दाखवलेलं की."

ते पत्र मी किती हौसेनं दाखवलं होतं ते आठवून माझे कान तापले. "अरे, मग मला विचारायचं," मी म्हणालो. आवाज चढला, टपरीवरची माणसं बघायला लागली. "एक शब्द विचारला असतात तर मी आपणहून सांगितलं असतं मालकांना. माझा गळा असा कापायचं कारण नव्हतं."

"मिस्त्री त्येच म्हणत हुते. इचारूया साहेबास्नी, त्ये पोरगं न्हाई म्हणायचं न्हाई. म्हातारं रडलं त्या दिवशी. मीच म्हटलं, नको."

"का?"

प्रकाशनं बशीतला चहा संपवला. "कायम व्हायचं हुतं तुमाला. वयनींचे दिवस भरत आलेले. खरं सांगा सर, इचारलं असतं तर व्हय म्हणला असता?"

मी तोंड उघडलं. चौदा वर्षं घोटलेलं वाक्य होतं, जिभेवर होतं. ते बाहेर आलं नाही. कोल्हापूरची गाडी लागली, प्रकाशनं माझी पिशवी खिडकीतून आत ठेवून जागा धरली आणि खाली उतरून बाजूला उभा राहिला. त्यानं उत्तर पुन्हा मागितलं नाही, हातही केला नाही. गाडी हलली तेव्हा मी समोर बघत होतो. मी नाही म्हटलं असतं. त्या पोराला हे बाविसाव्या वर्षी कळलं होतं, आणि मला आज सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.